परदेशात मोबाइल सेवा कशी निवडलीत? नाशिककरांचे अनुभव

जुलै उजाडला की नाशिकमधील कितीतरी घरांतून मुले शिक्षणासाठी परदेशी निघतात आणि बॅगा भरण्याइतकाच खल कोणते सिम घ्यावे यावर होतो. तिकडे राहिलेल्यांनी नुसती कंपनीची नावे न सुचवता, ती का निवडली हे कृपया सविस्तर लिहावे.

इंदिरानगर, सध्या म्युनिक
जर्मनीत २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिमदेखील सुरू होत नाही. सुपरमार्केटमधून सिम आणले, तरी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करत त्यावरील होलोग्राम चमकवून दाखवावा लागतो, आणि ते न जमल्यास टपाल कार्यालय गाठावे लागते. फोनसह मिळणारा दोन वर्षांचा करार स्वस्त भासतो; मूळ मुदतीनंतर महिन्याभराची सूचना देऊन तो मोडता येतो खरा, परंतु त्याआधी सहसा सुटका नसते. शिक्षणानंतर नोकरी कोणत्या देशात लागेल हे ठाऊक नसणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंगापूर रोड, सध्या डॅलस
अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झाले आणि आता कॉल व्होल्टीवरच, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरूनच, चालतात. त्यामुळे एम. जी. रोडवर घेतलेला फोन तिकडच्या कंपनीच्या चालणाऱ्या फोनांच्या यादीत आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच पाहावे. मोठ्या कंपन्यांचे जाळे भाड्याने घेणाऱ्या छोट्या कंपन्या निम्म्याहून कमी दरात सेवा देतात, मात्र गर्दीच्या वेळी वेग मंदावतो. धरण एकच असले तरी आवर्तन आधी कुणाला सोडायचे हे ठरलेले असते, तसाच हा प्रकार. माझे घरी वायफाय असल्याने मला ते खुपत नाही. तेथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांना सिमचा खणच नाही; तसा फोन घ्यायचा असेल, तर भारतीय क्रमांक नाशिकमध्येच ई-सिम (कार्डाविना फोनमध्येच बसणारे सिम) करून घ्यावा.

सातपूर, पूर्वी दुबई
तेथे व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, कॉल लागत नाहीत. बोटिमसारखे परवानगी असलेले अ‍ॅप आईवडिलांच्या फोनवर आधीच टाकून, वापरायला शिकवून निघावे.

नाशिकरोड, पालक
मुलगी मेलबर्नला आहे. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावरच येतो, म्हणून तिचे सिम मी येथून नियमित रिचार्ज करतो. आंतरराष्ट्रीय रोमिंग मात्र तिने येथे असतानाच सुरू करून घेतले होते.