गच्च झाडोऱ्यातील सांबरासाठी आखूड बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कोणती घ्यावी?

प्रश्न: दरीकाठ (मेलबर्न)

सर्वांना नमस्कार. व्हिक्टोरिया राज्यातील हरिणांच्या शिकारीचा परवाना आणि बी वर्गाचा शस्त्रपरवाना मला गेल्या वर्षी मिळाला. तेव्हापासून मी गिप्सलँडच्या डोंगरांत सांबराचा माग काढत पायी फिरते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्याच्या शिकारीवर बंदी आहे, तेच सांबर येथे १८६० च्या दशकात भारत आणि श्रीलंकेतून आणून सोडले गेले. आता ते इतके फोफावले आहे की मागावरची शिकार वर्षभर खुली असते.

माझी अडचण अशी आहे की ओळखीच्या एका ज्येष्ठ शिकाऱ्याकडून घेतलेल्या रायफलीची नळी २४ इंचांची आहे. घळीत ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि वृक्षनेचे इतके दाटलेले असतात की आपल्याकडची करवंदीची जाळी त्यापुढे मोकळी वाटावी. मागच्या महिन्यात अवघ्या ३० मीटरवर नर उठला, त्याने भोंग्यासारखा इशारा दिला आणि मी रायफल खांद्याला लावेपर्यंत नळी वेलीत अडकली. माझी उंची ५ फूट २ इंच आहे. आखूड, हलकी, तरीही एवढ्या मोठ्या जनावराला पुरेशी ठरेल अशी रायफल आणि काडतूस सुचवावे. सध्या मी ६.५ क्रीडमूर या काडतुसाचा विचार करत आहे.

उत्तर: सह्याद्री_ते_स्नोई

ताई, क्रीडमूरचा विचार प्रथम सोडून द्या. काडतूस उत्तम आहे, परंतु व्हिक्टोरियात सांबरासाठी किमान .२७० इंच (६.८५ मिमी) व्यासाची आणि किमान १३० ग्रेन (सुमारे ८.४ ग्रॅम) वजनाची गोळी कायद्याने आवश्यक आहे. क्रीडमूरची गोळी .२६४ इंचांची असल्यामुळे ती चितळ किंवा फॅलो हरणाला चालते, सांबराला नाही. दुकानात ही गोष्ट कोणी आपणहून सांगेलच असे नाही.

आपल्या गरजेला .३०८ विंचेस्टर किंवा ७ मिमी-०८ रेमिंग्टन पुरेसे आहे. पहिले १९५२ चे आणि दुसरे त्याच्याच पुंगळीचे (काडतुसाच्या धातूच्या कवचाचे) तोंड आवळून केलेले. दोन्ही लहान असल्याने त्यांना आखूड अ‍ॅक्शन (काडतूस नळीत भरण्याची आणि उडवण्याची यंत्रणा) पुरते. नळी २४ ऐवजी २० इंचांची घेतली तर .३०८ च्या गोळीचा वेग दर इंचाला साधारण २० ते २५ फूट प्रति सेकंद, म्हणजे एकूण १०० फुटांच्या आसपास घटतो. मूळ वेग २७०० च्या घरात असताना आणि जनावर ६० मीटरच्या आत असताना एवढ्या घटीने काहीच बिघडत नाही.

रेमिंग्टनची मॉडेल सेव्हन १९८३ मध्ये निघाली तेव्हा तिची नळी साडेअठरा इंचांची होती. तशी जुनी, निगा राखलेली मिळाली तर जरूर पाहा. रूगर हॉकआयचा कॉम्पॅक्ट प्रकार साडेसोळा इंचांचा असतो. टिक्का टी३एक्सबद्दल एक बारकावा ध्यानात ठेवा: तिची अ‍ॅक्शन सर्व काडतुसांसाठी एकाच लांबीची असते, त्यामुळे लहान काडतूस घेतल्याने तिची एकूण लांबी कमी होत नाही. बोल्ट (हाताने मागे-पुढे ओढायचा दांडा) मात्र इतका सुरळीत चालतो की दुसरी गोळी भरताना नजर जनावरावरून हलवावी लागत नाही.

उत्तर: रानवाटाड्या

वरील बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु .३०८ वरच थांबावे असे मला वाटत नाही. पूर्ण वाढलेला सांबर नर २०० किलोच्या वर जातो, आणि झाडोऱ्यात आडवा, स्वच्छ नेम क्वचितच मिळतो. अशा वेळी जाड आणि जड गोळी आरपार गेली तर बाहेर पडण्याची जखम मोठी होते आणि रक्ताचा माग लागतो. ओल्या नेच्यांमध्ये तेवढाच आधार असतो. म्हणून मी १९०५ पासून चालत आलेले ९.३×६२ हे काडतूस वापरतो. .३५८ विंचेस्टरही चांगले आहे, फक्त त्याची काडतुसे सहज मिळत नाहीत.

एक गैरसमज मात्र येथेच दूर व्हावा. जड, संथ गोळी फांद्या कापत सरळ जाते, असे जुने शिकारी सांगत आले आहेत. तसे होत नाही. कोणतीही गोळी काटकीला लागली की भरकटू शकते, आणि काटकी जनावरापासून जितकी लांब, तितकी चूक वाढते. पानांतून मोकळी फट दिसत नसेल तर खटका दाबू नये. यात मी कोणतीही सवलत मानत नाही, कारण जखमी होऊन त्या जाळीत शिरलेले जनावर बहुधा सापडत नाही आणि तडफडून मरते.

उत्तर: मृगनक्षत्र

मला वाटते, नळीइतकाच दस्त्याचाही (खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाचाही) विचार व्हायला हवा. माझी उंची आपल्याइतकीच आहे. नेहमीच्या रायफलीत खटक्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साडेतेरा इंचांच्या वर असते. जाड जाकीट घातले की तो दस्ता माझ्या काखेत अडकत असे, आणि मी दोष मात्र नळीला देत असे. साडेबारा इंचांच्या दस्त्याने माझी निम्म्याहून अधिक अडचण मिटली.

साडेसोळा इंचांच्या नळीबद्दल सावध करते. आवाज आणि तोंडाशी उसळणारी झळ फार असते. व्हिक्टोरियात सायलेन्सर बाळगण्यास मनाई आहे, आणि रानात आपण जनावराची चाहूल घेण्यासाठी कान उघडे ठेवतो. हलक्या रायफलीत ९.३ चा धक्काही मोठा बसतो. त्या धक्क्याच्या धास्तीने खटका झटक्यात ओढायची सवय लागली, तर ती मोडायला फार काळ जातो.

दरीकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. ९.३ चा मुद्दा पटला, परंतु पहिल्या रायफलीसाठी .३०८ च घ्यावे असे ठरते आहे. टिक्काचा २० इंची, आखूड दस्त्याचा प्रकार शनिवारी हाताळून पाहणार आहे. दुर्बीण कोणती असावी?

उत्तर: सह्याद्री_ते_स्नोई

१ ते ४ पट किंवा दीड ते ५ पट. फिरताना ती सर्वांत खालच्या पटीवरच ठेवा, कारण ४ पटीला १०० मीटरवर साधारण ८ ते १० मीटर रुंदीचेच दृश्य दिसते. ३० मीटरवर ते ३ मीटरच्याही आत येते आणि भिंगात नुसता तपकिरी रंग भरून राहतो. दुर्बीण रायफलीवर बसवण्याची कडी जितकी बुटकी मिळतील तितकी घ्या. दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. मान न हलवता पूर्ण वर्तुळ दिसले तर दस्ता आपल्या मापाचा आहे. ही परीक्षा रानात घालता तेच जाकीट अंगात घालून करा.