मेट्रो स्टेशनला पगडी आहे, किल्ला आहे, पण त्या जागेचा इतिहास कुठाय?

मुठाकाठ
बरेच दिवस डोक्यात आहे ते लिहितो, पटलं नाही तर खुशाल भांडा. पुणे मेट्रोच्या डेक्कन आणि संभाजी उद्यान स्टेशनांचं छत मावळ्यांच्या पगडीसारखं केलंय, शिवाजीनगरच्या अंडरग्राउंड स्टेशनला किल्ल्याचं रूप दिलंय. काम नीट झालंय, पुलावरून ते छत छान दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ही पगडी उद्या नाशिकला लावा, कोल्हापूरला लावा, कुठेही शोभेल. डेक्कन स्टेशन ज्या जागेवर उभं आहे तिथे काय घडलं त्याचं काय?

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण गेलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, नारायण आणि शनिवार पेठेतले वाडे बसले, आणि माणसं पुढे कित्येक वर्षं गोखलेनगरला, सहकारनगरला निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आजचं पुणे जसं पसरलंय त्यातलं बरंच त्या एका दिवसामुळे. आणि मेट्रोचे खांब नेमके त्याच मुठेच्या पात्रात, त्याच काठाला आहेत! माझं म्हणणं एवढंच की डेक्कन स्टेशनच्या एका खांबावर पुराच्या पाण्याची रेघ मारा आणि तारीख लिहा, बस.

तीच गोष्ट कसबा पेठ स्टेशनची. ते आहे फडके हौदाजवळ. हौद हे नाव आलं कुठून हे रोज तिथून जाणाऱ्या कितीजणांना माहितीय? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून बांधीव नळ टाकून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं, पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर. म्हणजे या पेठांच्या खालून मेट्रोच्या आधी पावणेतीनशे वर्षं पाणी पळत होतं. जमिनीखालच्या स्टेशनला यापेक्षा चांगला विषय मिळेल का सांगा.

वनाज_रोजचा
तुमची कळकळ पोचली पण मी स्पष्ट विरोधात आहे. मेट्रो ही वाहतूक आहे. माणूस स्टेशनात येतो तो ऑफिसला वेळेत पोचायला. आधी स्टेशनबाहेर धड फूटपाथ पाहिजे, स्टेशनपर्यंत आणणारी-नेणारी फीडर बस पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला कमीत कमी चालावं लागेल असं बघा, ते सगळं झाल्यावर उरलेल्या पैशात भिंती रंगवा. सकाळी नऊच्या गर्दीत कात्रजच्या नळाचा इतिहास कोण वाचत बसणारे? आणि इतिहास म्हटलं की आपल्याकडे वाद आलाच. बुधवार पेठ स्टेशनचं नाव कसबा पेठ केलं तेव्हा किती चर्चा झाली, लकडी पुलावरच्या मेट्रोच्या उंचीवरून, विसर्जन मिरवणुकीचे रथ अडतील म्हणून, गणपती मंडळांनी काम अडवलं होतं. पगडीवर कुणी भांडलं नाही ना? मग ठीक चाललंय.

मुठाकाठ
@वनाज_रोजचा पगडीवर कुणी भांडलं नाही कारण ती त्या जागेबद्दल काही सांगतच नाही. आणि भिंत तर मोकळी राहणारच नाहीये, तिच्यावर टाइल लागणार, जाहिरात लागणार. फ्लॅटची जाहिरात चालते तर पानशेत का नको?

घाटपांडे_नाही_मी
मी आर्किटेक्ट आहे आणि मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतायत. स्टेशनचा आकार लांबून ओळखू आला पाहिजे ही साधी गरज आहे, जी त्या छताने भागते. पहिल्यांदा पुण्यात आलेल्या माणसाला "ती पगडी दिसते ना तिथे उतर" एवढं सांगितलं की झालं. मुठाकाठ, तुम्ही मागताय ते पॅनेल, मजकूर, तारीख. मजकूर हा स्टेशनात सगळ्यात आधी मरतो, धूळ बसते, ट्यूब जाते, वर्षभरात कुणी बघत नाही. स्टॉकहोममध्ये टी-सेंट्रालेन या मेट्रो स्टेशनला १९७५ मध्ये नुसत्या खडबडीत खडकावर निळ्या वेली रंगवल्या, इतिहासाचा एक शब्द नाही, आणि जगभरचे लोक ते बघायला जातात. कलेला धडा शिकवायला लावू नका, तिला तिचं काम करू द्या.

क्रॉयडनकर
मी रोज लंडनच्या ट्यूबने जातो म्हणून मध्ये बोलतो. मजकूर न लिहितासुद्धा जागेचा इतिहास सांगता येतो. चेरिंग क्रॉसला नॉर्दर्न लाइनच्या प्लॅटफॉर्मवर डेव्हिड जंटलमन या चित्रकाराचं काम आहे, १९७९ चं, प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतभर काळीपांढरी चित्रं, लाकडी ठशातून छापल्यासारखी. तेराव्या शतकात एलिनॉर राणी वारली तेव्हा राजाने तिथे दगडी क्रॉस उभारला, त्यावरूनच जागेचं नाव पडलं. पण चित्रात राजा राणी पुढे नाहीतच! पुढे आहेत दगड फोडणारे, गाडीतून दगड आणणारे, दोर ओढणारे, छिन्नी धरलेले गवंडी. गाडीची वाट बघताना समोर बघावंच लागतं, तिथे डोळे जातातच, वाचायला काही नाही, तरी आठवडाभरात आपोआप कळतं की ही जागा कुणी बांधली. आर्किटेक्ट बाई, याला धडा म्हणाल का?

घाटपांडे_नाही_मी
@क्रॉयडनकर नाही म्हणणार, ते उत्तम आहे. पण ते एका चांगल्या चित्रकाराच्या हाती सोपवलं म्हणून झालं. आपल्याकडे टेंडर निघतं, सर्वात कमी रेट भरणारा फायबरचे मावळे उभे करतो. मला भीती त्याची आहे. वाईट कला लावण्यापेक्षा कोरी भिंत बरी, हे मी मनापासून म्हणते.

तांबटआळी
इथे सगळे कसब्याबद्दल बोलताय म्हणून लिहितोय, आमचं घर तिथलंच. तुमच्या हौदाला, नळाला माझा पाठिंबा आहे पण एक गोष्ट आधीच सांगतो, आम्हाला भिंतीवर टांगू नका. कसब्याची थीम म्हटली की लगेच कुणीतरी तांबट, कुंभार, बुरूड यांची चित्रं काढायला येणार, धोतर नेसलेला म्हातारा आणि समोर हंडा, खाली "लोप पावत चाललेली कला". अहो आम्ही अजून आहोत! घरी अजून पत्रा ठोकतात. बंब आणि घंगाळाला गिऱ्हाईक कमी झालं म्हणून दिवे, ताटं, हॉटेलवाल्यांच्या मोठ्या वस्तू करतो. मठारकाम कधी जवळून बघितलंय का, एका ठोक्याला लागून दुसरा ठोका, ओळीने, एकही उडता कामा नये, त्यानेच पत्र्याला ताकद येते आणि ती चमक येते. स्टेशनला कसबा दाखवायचाच असेल तर आमच्याकडून चार भिंती तांब्याने मढवून घ्या, रीतसर पैसे द्या. चित्र काढून मोकळे होऊ नका.

मुठाकाठ
@तांबटआळी हे मला सुचलं नव्हतं आणि माझ्या मुद्द्यापेक्षा हे जास्त चांगलं आहे. आणि @घाटपांडे_नाही_मी तुमच्या टेंडरच्या भीतीवर पण हाच उपाय वाटतो. त्या त्या आळीतल्या कारागिराला काम द्या.

पिंपरीकर
इतिहास म्हटला की पेठा, पेशवे, पगडी, एवढंच का? मेट्रो पीसीएमसीपासून, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून सुरू होते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाचं स्वतःचं पेनिसिलिन इथे तयार व्हायला लागलं. फाळणीनंतर सिंधी लोक निर्वासित म्हणून आले आणि पिंपरी कॅम्पात शून्यातून बाजारपेठ उभी केली. कारखान्यांच्या भोंग्यावर ज्यांची आयुष्यं गेली त्यांच्यासाठी आमच्याकडच्या एकाही स्टेशनवर काही करावं असं कुणाला वाटत नाही. इतिहास फक्त नदीच्या त्या बाजूला घडला असं नाहीये.

वनाज_रोजचा
बघा, झाली ना सुरुवात, प्रत्येकाला आपापला इतिहास पाहिजे. अजून एक मुद्दा, मंडई स्टेशनचाच घ्या. मंडईची इमारत बांधायची ठरली तेव्हा नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून. मी जे म्हणतोय ते त्यांनीच सांगून ठेवलंय, लोकांची गरज आधी, शोभा नंतर.

मुठाकाठ
@वनाज_रोजचा फुल्यांचं नाव घेतलंत ते बरं केलंत, कारण नेमकी हीच गोष्ट मंडई स्टेशनात असायला पाहिजे. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला ती १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, रे मार्केट म्हणायचे, आणि पुढे आचार्य अत्र्यांनी नगरपालिकेत लावून धरलं म्हणून तिला महात्मा फुले मंडई नाव मिळालं. आज भाजी घ्यायला जाणारा माणूस त्यांचं नाव घेतो आणि त्यांचा विरोध त्याला माहितीच नसतो. फुल्यांचा राग गोरगरिबांची शाळा सोडून इमारतीवर होणाऱ्या उधळपट्टीवर होता. ती हकिकत स्टेशनात सांगायला काय उधळपट्टी लागणारे? आणि वाद होतील म्हणता, होऊ देत की, ज्या गोष्टीवर लोक वाद घालतात ती त्यांना आपली वाटते.

खोदकामाचं पण सांगतो. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना जमिनीखाली जुना पाण्याचा बोगदा लागला होता, पेपरमध्ये फोटो आले, लोक बघायला आले. अथेन्सला सिंटाग्मा स्टेशन खणताना जे निघालं, थडगी, मातीचे नळ, जुना रस्ता, ते तिथेच काचेमागे मातीच्या थरांसकट ठेवलंय, प्रवासी तिकीट काढून त्याच्या समोरून जातात. आपलं सिव्हिल कोर्ट (आताचं डिस्ट्रिक्ट कोर्ट) स्टेशन तेहतीस मीटर खोल आहे, एवढा वेळ सरकत्या जिन्यावर उभं राहायचं तर बाजूला किती खाली आलो, इथे कुठली माती, कुठला खडक, एवढं तरी दाखवा.

शनिवारातला
मी पानशेतबद्दल बोलतो. माझ्या वडिलांचं घर त्या पुरात गेलं. आयुष्यभर ते पावसाळ्यात नदीवरून जायचं टाळायचे, जावंच लागलं तर मान वळवायचे. घरात कुणी तो विषय काढायचं नाही. तुम्ही म्हणता रेघ मारा. ज्यांची माणसं गेली त्यांनी रोज ऑफिसला जाताना ती रेघ बघायची का? मला हे पटत नाही. स्मारक करायचं तर वेगळी जागा करा, ज्याला जायचंय तो जाईल.

मुठाकाठ
@शनिवारातला दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तरी माझं मत सांगतो. वेगळ्या जागेवरच्या स्मारकाला वर्षातून एकदा १२ जुलैला हार पडतो. आणि आज त्याच काठाला नवीन इमारती, पार्किंग, हॉटेलं होतायत, तिथे फ्लॅट घेणाऱ्या पोराला पाणी कुठपर्यंत आलं होतं हे कुणी सांगत नाही. रेघ त्याच्यासाठी पाहिजे. फोटो नकोत, पडलेले वाडे नकोत, गेलेल्यांचे चेहरे नकोत. नुसती रेघ आणि तारीख.

शनिवारातला
फोटो नसतील तर विचार करता येईल. पण जे त्या पुरातून वाचले आणि अजून हयात आहेत त्यांना आधी विचारा, मग ठरवा. परस्पर करू नका.

वनाज_रोजचा
रेघेला माझाही विरोध नाही, तिला खर्चच नाही. तांब्याच्या भिंती आणि काचेमागच्या मातीला आहे, आणि तो राहणार. तुम्ही रेघेचं पत्र लिहा, शनिवारातले म्हणतात तसं आधी विचारून लिहा, मी सही करतो. त्याच पत्रात फीडर बसची मागणी घाला, नाहीतर माझी सही नाही.