शेतीपंपाचं अनुदान: किमतीवर टक्के द्यावेत की ठरावीक रक्कम?

केळीपट्टा, रावेर:
आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला सभासदांच्या ट्यूबवेलवरचे जुने पंप बदलून पाच-स्टार पंप बसवायचे आहेत. किमतीच्या ४० टक्के अनुदान शासनाकडे मागायचा विचार आहे. पण साडेसात एचपीपर्यंतचं वीजबिल एप्रिल २०२४ पासून माफ आहे. मग शेतकरी उरलेले ६० टक्के खिशातून का घालेल?

पंप-हिशोब:
भाऊ, टक्केवारी आधी काढून टाका. टक्के म्हटले की बिलावरची किंमत फुगते. ठरावीक रक्कम मागा आणि ती वाचलेल्या किलोवॉटवर बांधा.

प्रवाह (लिटर प्रति सेकंद) × एकूण हेड (पाणी जितकं उंच चढवायचं ती उंची, पाइपातल्या घर्षणासह, मीटरमध्ये) × ९.८१ ÷ १००० केलं की पाण्याला प्रत्यक्ष मिळालेले किलोवॉट निघतात. ३ लिटर आणि ६० मीटरला १.७७ येतात. मोटार-पंपाचा संच २८ टक्के कार्यक्षमतेचा असेल तर तो ६.३ किलोवॉट ओढतो, ४५ टक्क्यांचा असेल तर ३.९. वर्षाला १५०० तास चालला तर साधारण ३,६०० युनिट वाचतात, पाणी तेवढंच. ही बचत बिल माफ असलेल्या शेतकऱ्याची नाही, माफीचा बोजा उचलणाऱ्या शासनाची आहे. प्रस्तावात हेच ठळक मांडा. शेतकऱ्याला सतावतं ते वेगळंच: कमी व्होल्टेजला मोटार जळते आणि ऐन केळीच्या पाण्यात ती काढून तिच्या तारा पुन्हा भरून (रिवायंडिंग) आणावी लागते. रिवायंडिंगसह वॉरंटी आणि जागेवर दुरुस्ती करारात असेल, तर तो आपला वाटा घालेल.

फीडर_यावल:
हिशोब बरोबर आहे, पण त्यात ‘पाणी तेवढंच’ हे गृहीत धरलंय, आणि खरी गोम तिथेच आहे. घरोघरी ऑटो स्टार्टर आहेत. लाइट आली की मोटार सुरू, गेली की बंद. तास फीडर (शेतीला ठरलेल्या वेळी वीज देणारी लाइन) ठरवतो, बिल नाही. साडेसातच्या जागी साडेसातचाच चांगला पंप बसवला तर युनिट जवळपास तेवढेच जळतील, फक्त पाणी जास्त उपसलं जाईल. रावेर-यावलची पाणीपातळी आधीच खाली चाललीय. म्हणून एचपी उतरली तरच अनुदान, ही अट घालाच. वरच्या उदाहरणात पाच एचपी पुरते.

तापीकाठ:
एलईडी बल्बसारखी एकगठ्ठा खरेदी इथे करू नका. केंद्राच्या उजाला या एलईडी योजनेत २०१४ साली ३१० रुपयांना घेतलेला बल्ब पुढे ३८ रुपयांवर आला, कारण बल्ब सगळ्या घरांत एकच चालतो. प्रत्येक ट्यूबवेलचं हेड मात्र वेगळं. ६० मीटरच्या जागी १०० मीटरचा पंप सोडला तर पाच स्टार कागदावरच राहतात.

एप्रिल-मेमध्ये मोटार चालू असताना पातळी मोजा, २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते बघा (३ लिटरला ६७ सेकंद) आणि पंप त्यावरून निवडा. अर्धी रक्कम बसवताना द्या, अर्धी याच मोजणीनंतर. जुनी मोटार जमा करून तिचं स्टॅम्पिंग (आतला लोखंडी पत्र्यांचा गाभा) कापा, नाहीतर ती शेजारच्या विहिरीवर पुन्हा चालू होते.