लॅमेलर इक्थिओसिस (कातडीवर खवले येण्याचा जन्मजात आजार): युरिया झोंबतं, दुसरं काय लावता?

सईची_आई: धाकटा 5 वर्षांचा. जन्मला तेव्हा अंगावर चकचकीत पापुद्रा ताणून बसवलेला. जनुक तपासणीत टीजीएम1 या जनुकात दोष निघाला. दोन्हीकडच्या घरात असं कुणालाच नाही, पण आम्ही दोघंही वाहक निघालो, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. आता पायांवर मोठे तपकिरी खवले आहेत, चादर झटकली की मूठभर पडतात. खवले मऊ करणारं 10 टक्के युरियाचं क्रीम हातात घेतलं की तो पळतोच. तुम्ही काय लावता? हल्ली हाकेलाही ओ देत नाही, टीव्ही मोठ्ठा लावून बसतो. हट्टीपणा वाढलाय, पण तो विषय वेगळा.

खवल्या: ताई, विषय तोच आहे! आधी कान दाखवा. मलाही हाच आजार आहे. खवले कानात साचून बूच बसतं. शाळेत 'लक्ष नसतं' म्हणून किती बोलणी खाल्ली. कान साफ झाले त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकून दचकलो होतो. काडी मात्र घालू नका, मळ आणखी आत जातो. मी दर काही महिन्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जातो.

नीरज_बाबा: युरिया भेगेवर झोंबणारच. भेगांवर नुसती पेट्रोलियम जेली, युरिया बाकीच्या कातडीवर. कोमट पाण्यात अर्धा तास डुंबू द्या, मऊ फडक्याने हलकेच पुसा आणि अंग ओलसर असतानाच मलम चोपडा.

पाटी_कोरी: आम्ही सॅलिसिलिक ॲसिडचं मलम अंगभर लावायचो, छान सुटतात खवले.

नीरज_बाबा: मोठ्यांनीही अंगभर जपूनच. लहान मुलाला अंगभर अजिबात नको, ते कातडीतून रक्तात जातं. खवले कमी करणाऱ्या ॲसिट्रेटिनच्या गोळ्यांचं सुद्धा डॉक्टरांनीच ठरवावं.

खवल्या: आणि उन्हात जपा. घामाची तोंडं बुजलेली असतात, घाम नीट येत नाही, अंग नुसतं तापत जातं. मी ओला टीशर्ट घालूनच क्रिकेट खेळायचो. खालची पापणी बाहेर वळते का तेही बघा. रात्री डोळा उघडा राहिला तर कोरडा पडतो.

सईची_आई: कान दाखवून आलो. दोन्हींतून गोळेच्या गोळे निघाले. आठवडाभर मी त्याच्यावर ओरडत होते हो. घरी येताना नेहमीसारखी मोठ्यानं बोलले तर म्हणतो, "आई, हळू बोल ना."