मदत हवी आहे: टर्मिनलमध्ये जावा १७ दिसते, पण एसएसएचने आत शिरल्यावर जावा ११

नमस्कार.

माझ्या घरच्या डेस्कटॉपवर उबुंटू २२.०४ आहे आणि त्यावर ‘डिफॉल्ट-जेडीके’ हे पॅकेज एपीटीने (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाने) घातलेले असल्यामुळे जावा ११ आधीपासूनच होती. अलीकडे स्प्रिंग बूट ३ (जावात अॅप्लिकेशन लिहिण्याची चौकट) शिकायला घेतले. त्याला किमान जावा १७ लागते, म्हणून ओपनजेडीके १७ ची टार फाइल उतरवून ती /ऑप्ट/जेडीके-१७ या फोल्डरमध्ये उलगडली (एपीटीनेही ती मिळाली असती, हे नंतर कळले). मग होम फोल्डरमधल्या .बॅशआरसी (बॅश या आज्ञा चालवणाऱ्या शेलच्या मांडणीची) फाइलच्या शेवटी दोन ओळी लिहिल्या: पहिलीत जावा_होम या व्हेरिएबलला त्या फोल्डरचा पत्ता देऊन ते एक्स्पोर्ट केले आणि दुसरीत त्यातला ‘बिन’ फोल्डर पाथच्या (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्या यादीच्या) सुरुवातीला जोडला.

डेस्कटॉपवर टर्मिनल उघडून आवृत्ती विचारली की १७ असे उत्तर येते आणि मेव्हन (जावा प्रोजेक्ट बांधण्याचे साधन) हेही नीट चालते. मात्र त्याच संगणकावर लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरण्याच्या सोयीने) लॉगिन केले की जावा_होम रिकामे असते, आवृत्ती ११ दिसते आणि मेव्हन ‘टार्गेट रिलीज १७ अवैध’ अशी तक्रार करून थांबते. सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने) चालवले तर टर्मिनलमध्येसुद्धा ११ च येते.

मी केलेले प्रयत्न असे. .बॅशआरसीच्या पहिल्या ओळीत एक एको (मजकूर दाखवणारी आज्ञा) टाकून पाहिला. तो टर्मिनलमध्ये उमटतो, एसएसएचमध्ये उमटत नाही. नंतर कोठेतरी वाचून त्याच दोन ओळी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलमध्ये चिकटवल्या, आणि पुढच्या लॉगिनला एलएससारखी (फाइलींची यादी दाखवणारी) साधी आज्ञाही सापडेना. शेवटी सुडोचा पूर्ण पत्ता लिहून नॅनो हा संपादक उघडला आणि त्या ओळी काढल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. त्या फाइलला पुन्हा हात लावण्याचे धैर्य आता नाही. या ओळी नेमक्या कोठे लिहाव्यात?

प्रतिसाद

तुमच्या एकोनेच दिशा दाखवली आहे. एसएसएचने आत गेल्यावर बॅश ‘लॉगिन शेल’ म्हणून सुरू होतो आणि लॉगिन शेल .बॅशआरसी स्वतःहून वाचत नाही. तो .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल या तीन फाइली याच क्रमाने शोधतो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. उबुंटू नव्या वापरकर्त्याला यांपैकी केवळ .प्रोफाइल देतो, आणि तिच्यातच .बॅशआरसी वाचण्याची सोय असते. म्हणजे काहीही न बदलता तुमचा एको एसएसएचमध्येही उमटायला हवा होता. तो उमटत नाही, त्याअर्थी तुमच्या होम फोल्डरमध्ये .बॅश_प्रोफाइल नावाची फाइल कोणीतरी निर्माण केली असावी, असा माझा अंदाज आहे. एलएसला ‘-ए’ जोडून पाहावे. फाइल सापडल्यास तिच्यातल्या कामाच्या ओळी .प्रोफाइलमध्ये हलवून ती काढून टाकावी, आणि जावाच्या दोन ओळीही .बॅशआरसीऐवजी .प्रोफाइलमध्येच ठेवाव्यात. उबुंटूची .बॅशआरसी सुरुवातीलाच शेल संवादी (माणूस टंकून आज्ञा देतो तसा) आहे का ते तपासते आणि नसल्यास तेथूनच परत फिरते. त्यामुळे इतर प्रोग्रॅमना हवी असलेली व्हेरिएबले तिच्या शेवटी लिहिणे भरवशाचे नसते. बदल केल्यावर एकदा पूर्ण लॉगआउट करावे, कारण व्हेरिएबल पालक प्रोसेसकडून अपत्याकडे जाते आणि आधीच चालू असलेल्या प्रोसेसला ते मागाहून मिळत नाही.

/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट ही शेलची स्क्रिप्ट नव्हे. तिच्यात डॉलर चिन्हाचा विस्तार होत नाही, म्हणजे त्याजागी व्हेरिएबलची किंमत घातली जात नाही. तुमचा पाथ ‘डॉलर पाथ’ या अक्षरांसह जसाच्या तसा ठेवला गेला, म्हणून एलएस हरवले. तेथे लिहायचेच असेल तर प्रत्येक पत्ता पूर्ण लिहावा लागतो.

सुडोचे कारण वेगळे आहे. /ईटीसी/सुडोअर्समध्ये ‘सिक्युअर_पाथ’ ठरवून दिलेला असतो आणि सुडो तुमच्या पाथऐवजी तोच वापरतो. ही सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली योजना आहे, ती बदलू नये. मुळात मेव्हन सुडोने चालवण्याची गरज का पडली, हे मात्र कळवावे.

धागाकर्ता

अंदाज अचूक निघाला. काही महिन्यांपूर्वी मॅकसाठी लिहिलेल्या सूचना वाचून दुसरे एक साधन बसवताना मीच ती फाइल तयार केली होती आणि तिच्यात पाथची एकच ओळ होती. ती ओळ आणि जावाच्या दोन्ही ओळी .प्रोफाइलमध्ये नेल्या, .बॅश_प्रोफाइल काढली आणि पुन्हा लॉगिन केले. आता दोन्हीकडे १७ दिसते.

सुडोविषयी सांगायचे तर, एकदा परवानगीची चूक आली तेव्हा घाईने सुडो लावले होते. त्यामुळे प्रोजेक्टमधला ‘टार्गेट’ फोल्डर रूटच्या मालकीचा झाला आणि पुढच्या प्रत्येक वेळी सुडो लावणे भाग पडले. आज चोन या मालकी बदलणाऱ्या आज्ञेने त्याची मालकी परत माझ्याकडे घेतली आहे आणि मेव्हन सुडोशिवाय चालते आहे.