एनएसएस, युवा केंद्र, युवा प्रशिक्षण: कुणी केलंय का? अनुभव लिहा

धाकटा भाऊ यंदा जालन्याला फर्स्ट इयरला गेलाय, एनएसएसचा (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) फॉर्म भरू का म्हणून विचारायलाय. आई म्हणती शिकायला धाडलं का झाडलोट करायला. मी कधी केलं नाही म्हणून इथं विचारायलो, ज्यानी केलंय त्यानी खरं लिहा, हाताला काय लागलं अन् खिशातून काय गेलं.

अंबाजोगाईकर
एनएसएसला सेवेचे वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240. ते तास वहीत कसे भरतात ते सगळ्यांना माहितीय, त्यात पडू नका. पण कॉलेजनं दत्तक घेतलेल्या गावातलं सात दिवसांचं शिबिर चुकवू नका. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला, खताच्या रिकाम्या गोण्यात माती भरायची, सुतळीनं तोंड शिवायचं अन् थरावर थर, दुपारपर्यंत पाच थर झाले, आम्ही खुश, तेवढ्यात एक आजोबा शेळ्या घेऊन आले, बघितलं अन् म्हणले, "सांध्यावर सांधा आलाय की रं, वीट लावतेत तसं लावा." सगळं काढून परत लावलं. हात आठ दिवस सोलपटलेले होते.

सेलूची लेक
मुलींचा प्रश्न वेगळाय. बाबांनी कशीबशी परवानगी दिली अन् दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर बघायला हजर, कुठं झोपता, संडासाला पाणी आहे का. नव्हतं. सरांना सगळ्यांसमोर बोलले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण संध्याकाळी टँकर आला. पुढच्या वर्षी चुलत बहिणीला त्यांनीच पाठवलं.

गोदाकाठ
मी नेहरू युवा केंद्राचा (केंद्र सरकारचं, तरुणांसाठीचं) स्वयंसेवक होतो, महिन्याला 5000 मानधन. अख्खा तालुका फिरायचा, निम्मे तर पेट्रोललाच जायचे. गावोगाव युवा मंडळं जोडायची, आमच्याकडं मंडळ म्हणजे क्रिकेटची टीमच, रक्तदान म्हणलं की निम्मे गायब. ऑक्टोबर 2023 पासून ते तरुणांसाठीचं सरकारी 'माय भारत' पोर्टल आलंय, 15 ते 29 वयाचे नोंदणी करू शकतेत. फुकट आहे, करून ठेवा.

उदगीरचा बेरोजगार
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (राज्य सरकारची, काम शिकायचं अन् महिन्याला पैसे), 2024 ची बॅच. बारावीला महिन्याला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीला 10000. मला पहिले दोन महिने पैसेच नाहीत, रोज हापिसात विचारलालो, ते म्हणलालेत वरून आलं नाही. शेवटी बँकेतल्या बाईनं आधार बघून सांगितलं, पैसे आलेत की, शाळेतल्या स्कॉलरशिपच्या जुन्या खात्यात! आधार तिथंच लिंक होतं. तेव्हा आधी ते तपासा. सहा महिने होते, पुढं पाच वाढवले, अकरा झाल्यावर घरी. काम मात्र शिकलो, आता दाखल्यांचे फॉर्म डोळे झाकून भरतो.

धागाकर्ता
आभारी आहे मंडळी. भाऊ फॉर्म भरायलाय. आईला टँकरचं वाचून दाखवलं, तर ती आता रोज विचारायली, शिबिरात पाण्याचं काय.