फी माफ झाली, पण दाखला कोण काढणार?
2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, मग मुलींना वेगळं मार्गदर्शन कशाला, असं लोक विचारतात; हे मला अर्धंच पटतं. कॅप फेरीत (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) कॉलेजांचा पसंतीक्रम कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर (उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र) वेळेत कुठून काढायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं. आमच्या मार्गदर्शन गटातल्या ताया, म्हणजे मुलींना वाट दाखवणाऱ्या मोठ्या मुली, आधी हेच शिकवतात. मग मुलाखतीचा सराव. तिथे मुलीच्या वतीने वडील किंवा दादाच उत्तर देतात (शेजारी बसून, खरंच!), म्हणून त्यांना बाहेर चहाला बसवतो. आत्मविश्वासावरची भाषणं बंदच केलीत. ताई मात्र जवळच्याच गावातली, डिप्लोमा करून नोकरीला लागलेली हवी; मोठ्या साहेबांपुढे पोरी तोंडच उघडत नाहीत.